पेवातली हवा

त्या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात कोणी शिकलेलं माणूस हातात कागद घेऊन शिरलं, की लोकांना वाटायचं, कोणाच्या तरी घरी माणूस गेलेलं आहे. कापसाची ती वर्षंच तशी होती. समित्या यायच्या, पेपरवाले यायचे, पॅकेजचे अर्ज भरून घेणारे यायचे, आणि हे सगळे नेमके त्याच दारात जायचे जिथं व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. त्यामुळं मी अंगणात उभी राहिले की घरातली बाई पदर सावरत बाहेर यायची आणि मी तोंड उघडायच्या आधीच सांगायची, "आमच्या घरी काही झालं नाई, बाई. तुमी घर चुकल्या."

"मी त्या कामाची नाही हो. घरातली हवा मोजायला आले."

"हवा? हवा कायले मोजता?"

याचं उत्तर देता देता माझी दोन वर्षं गेली.

मी दारव्ह्याची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि नोकरी नाही म्हणून घरी बसले होते. आमच्या कॉलेजातल्या एका सरांना घराघरांतला रेडॉन मोजायचा प्रकल्प मिळाला होता. त्यांना पांढरकवड्याच्या बाजूची आणि त्याच्या पुढची झरी जामणीकडची गावं फिरेल असं माणूस हवं होतं. मुलगी एकटी जंगलातल्या गावांना जाणार म्हटल्यावर आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. तरी मी गेले. पांढरकवड्यात एक खोली घेतली आणि रोज काळीपिवळी जीपमध्ये, मांडीवर मशीनची पेटी घेऊन, गावं फिरायला लागले.

मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा पांढरा डबा. पुढं छोटी काच, तिच्यावर आकडा. एका कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकायचा. घरात छातीच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा, दहा दिवस हलवायचा नाही, झाकायचा नाही. लाइट सतत जायची म्हणून सोबत मोटारसायकलची बॅटरी जोडलेली असायची. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, अशी प्रत्येक घराची तीन वेळा मोजणी.

लोकांना मी सांगायचे ते असं, की जमीन श्वास सोडते. तिच्या पोटात, दगडात एक जड धातू अगदी बारीक प्रमाणात असतो. तो झिजतो आणि त्यातून हा वायू निघतो. वावरात, अंगणात निघाला तर वाऱ्यावर जातो. घराखाली निघाला आणि घर बंद असलं तर घरातच कोंडून राहतो. दिसत नाही, वास येत नाही. वर्षानुवर्षं छातीत गेला तर वाईट. लोक मान डोलवायचे. एका म्हाताऱ्यानं मला शांतपणे विचारलं होतं, "अन् कापसाचा भाव मोजायची मशीन नाई आणली का?" मी हसले होते. तो हसला नव्हता.

गवंडीकाकांचं घर झरीकडच्या एका गावात, टेकडीच्या पायथ्याशी होतं. ते साठीच्या आसपासचे. गावातली अर्धी घरं त्यांच्या हातची, त्यांचं स्वतःचंही. दगडी जोतं, विटांच्या भिंती, पुढं ओसरीसारखी सपरी, मधे माजघर, मागं सयपाकाची खोली. सपरीत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं मेणबत्तीच्या मेणाचे वाळलेले थेंब. आमच्याही घरी तसंच होतं, म्हणून तिथं मला पहिल्यापासून परकं वाटलं नाही. घरात दोघंच, ते आणि काकू. एकच मुलगी, ती लग्न होऊन आदिलाबादेकडे.

मी पहिल्यांदा गेले ते डिसेंबरात. काकू सपरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या. मी घर चुकले असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ये पोरी, बस. मोजजो मंग तुही हवा. आधी पाणी पी."

बोलताना त्यांना खोकला यायचा. कोरडा, लहानसा. खोकल्या की त्या तोंडावर हात ठेवायच्या आणि चूक झाल्यासारखं हसायच्या.

माजघरात गेल्यावर मला क्षणभर काही दिसेना. भर दुपारी तिथं अंधार होता. अर्ध्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता आणि उरलेल्या अर्ध्यात काकूंचं अंथरूण होतं. खिडकीच्या जागी विटा दिसत होत्या. चौकट तशीच होती आणि तिच्या आत विटांचं चांगलं नीट बांधकाम.

"खिडकी कोणी बुजवली?" मी विचारलं.

"मीनंच," काका म्हणाले. "तीन वर्सं झाले. भाव पडला तईपासून गावात कापूस कोणी विकत नाई, घरातच भरून ठेवते अन् वाट पाह्यते. ठिणगी येईन, वल येईन, कोणी हात घालून वढून नेईन, म्हणून सारे म्हणे खिडक्या बुजवून दे. त्या साली म्या या गावात घरं कमी अन् खिडक्या जास्त बुजवल्या. मंग आपलीही बुजवली."

"कापूस गेल्यावर उघडत नाही?"

"उघडली असती. पण बुढीले खोकला लागला ना. थंडी बाधते तिले."

काकूंचं अंथरूण जमिनीवर नव्हतं, सागवानाच्या जाड फळ्यांवर होतं. त्या फळ्यांखाली पेव होतं. माझ्या आजोळी पेव पाहिल्याचं मला आठवत होतं. माणूस उतरेल एवढी जमिनीतली कोठी, ज्वारी साठवायची. काकांनी ते लग्नानंतरच्या वर्षी स्वतः खणलं होतं. तेव्हा गवंडीकामाबद्दल लोक ज्वारी द्यायचे. पुढं सगळीकडे कापसाची पऱ्हाटीच झाली, ज्वारी कोणी पेरेना, पेव रिकामं पडलं. तरी काकांनी ते बुजवलं नव्हतं.

"हिवाळ्यात त्याच्यातून गरम वाफ येते," ते म्हणाले. "हात लावून पाहा." मी वाकून दोन फळ्यांच्या फटीवर तळवा धरला. खरंच, खालून ऊबदार हवा येत होती. "म्हणून बुढीले तिथं झोपवतो. चुलीजवळ धूर लागते, इथं बरं वाटते तिले."

मी पेटी उघडली, डबा माजघरातल्या एका उंच तिवईवर, भिंतीपासून लांब ठेवला, बॅटरी जोडली आणि वहीत नोंद केली. काकू त्या हिरव्या दिव्याकडे बघत होत्या. "हे दहा दिवस जागंच राह्यते का वो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग माह्यासारखंच हाये," त्या म्हणाल्या.

दहा दिवसांनी गेले तेव्हा आकडा पाहून मला वाटलं, मशीन बिघडली. त्या गावातल्या बहुतेक घरांत काचेवर दोन आकडी संख्या होत्या, खिडक्या बुजवलेल्या काही घरांत मर्यादेच्या जरा वर. इथं तीन आकडी होती, आणि नुसती तीन आकडी नव्हे, सरांनी सांगून ठेवलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर. मी तिथं दुसरी मशीन ठेवली. पहिली सपरीत ठेवली. आणखी दहा दिवसांनी सपरीतला आकडा इतरांसारखाच आला. माजघरातला पुन्हा तेवढाच.

पांढरकवड्याहून मी सरांना फोन लावला. सर सावध माणूस. वाईट मुळीच नव्हते, हे मला लिहून ठेवायचं आहे. ते म्हणाले, "तीनही ऋतूंचं मोजमाप झाल्याशिवाय कोणालाही आकडा सांगायचा नाही, हे आपलं ठरलंय. एका हिवाळ्याच्या आकड्यावर लोक घाबरतात. आणि त्या भागात लोक आधीच कशाकशानं घाबरलेले आहेत. शिवाय आकडा घराचा आहे, माणसाचा नाही. सर्वांना सांगतेस तसं सांग, हवा खेळती ठेवा."

मी तसंच सांगितलं. सपरीत उभं राहून, बॅगेचा बंद आवळता आवळता म्हणाले, "काका, ती खिडकी उघडा बरं. आणि काकूंना सपरीत झोपवा."

काका हसले. "मॅडम, आमच्याकडली थंडी पाह्यली का? बुढी सकाळपर्यंत लाकूड होऊन जाईन."

"तरी पण उघडा. पेवावर नका झोपवू."

"काहून?"

त्या 'काहून'ला माझ्याजवळ उत्तर होतं. ते माझ्या वहीत, निळ्या शाईत लिहिलेलं होतं. मी म्हणाले, "हवा चांगली राहते." आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला म्हणून निघाले. काकूंनी माझ्या पिशवीत सोललेल्या तुरीचे दाणे घातले होते. ते मी खोलीवर उकडून खाल्ले.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी दुसऱ्या गावांना होते. मला त्या घराची आठवण यायची नाही असं नाही. यायची. सरांनी सांगितलंय, आपण नियमानं चाललोय, असं मी मनाला सांगायचे, आणि ते खरंही होतं.

होळी होऊन गेल्यावर दुसऱ्या फेरीसाठी गेले, तर काका एकटेच सपरीत बसलेले. दाढी वाढलेली. मला पाहून उठले नाहीत.

"बुढी नागपूरले हाये," ते म्हणाले. "पोरगी हाये तिच्यापाशी. छातीत, फुप्फुसात गाठ निघाली."

मी खाली बसले.

"डॉक्टर मले इचारते, बाई बिडी पेते का? म्या म्हटलं, नाई. तंबाखू? नाई. चूल? चूल तं साऱ्याच्याच घरी हाये ना, म्या म्हटलं. तो म्हणे मंग कायच्यानं झालं सांगता येत नाई." मग माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बोट करून म्हणाले, "तुमच्या डब्ब्यानं काय सांगतलं होतं?"

तीन ऋतू झाले नव्हते. मी आकडा सांगितला. तो किती असायला हवा तेही सांगितलं. हा वायू कुठून येतो ते त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते पुन्हा सांगितलं, या वेळी कॅन्सर हा शब्द न टाळता.

ते उठून माजघरात गेले. कापूस अजून तिथंच होता. त्यांनी खिडकीच्या विटांवर हात ठेवला, त्यांनी स्वतः रचलेल्या, सांधे भरलेल्या, ओळंब्यात असलेल्या विटांवर. माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "मीनं खिडकी बुजवली म्हणून झालं का तिले?"

"नाही काका," मी म्हणाले. "खिडकी तुम्ही तीन वर्षांपूर्वी बुजवली. असला आजार इतक्या लवकर होत नाही. त्याला खूप वर्षं लागतात."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. त्यांनी खिडकीचं विचारलं आणि मी खिडकीचं उत्तर दिलं. पेवाचं त्यांनी विचारलं नाही. पेव तीस वर्षांचं होतं, आणि हिवाळ्यात जिथं ऊब तिथं अंथरूण टाकायची त्या घरची रीतही तितकीच जुनी असावी. मी पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं नाही. पेवामुळंच झालं, असं कोणी विज्ञान शिकलेलं माणूस छातीठोक सांगू शकणार नाही, हेही खरंच. पण ते मी तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर आधी दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं.

काकांनी कोपऱ्यातून छिन्नी आणि हातोडा आणला. पहिली वीट निघायला वेळ लागला, पुढच्या भराभर निघाल्या. कापसावर विटांची भुकटी उडत होती. त्यांनी कापूस झाकला नाही. खिडकी मोकळी झाली तेव्हा उन्हाचा एक चौकोन काकूंच्या रिकाम्या अंथरुणावर पडला. काका तिथंच भिंतीला टेकून बसले आणि मोठ्यानं रडले. मी माझ्या वडिलांनाही कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी खाली पडलेल्या विटा उचलून बाहेर नेऊन रचत राहिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी काकूंना महिन्याभरात घरी पाठवलं. आता घरीच बरं, असं सांगून. मी गेले तेव्हा काकांनी पेव मुरमानं भरून, धुम्मसानं ठोकून घट्ट करून, वर सिमेंटचा कोबा केला होता. खिडकीला जाळी बसवली होती. काकू खिडकीखाली खाटेवर होत्या. कापूस पडेल त्या भावानं देऊन टाकला होता, त्यामुळं खोली मोठी वाटत होती आणि काकू फार लहान.

काका पाणी आणायला बाहेर गेले, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्या दिवशी तू खिडकी उघडा, खिडकी उघडा करून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडाकडं पाहून मले वाटलंच, या पोरीले काही तरी मालूम हाये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "काकू, मी सांगायला पाहिजे होतं."

"गाठ काय दोन महिन्यांत आली का वो? ते तं पहिलेचीच असन." त्यांनी माझा हात धरला. हात तापलेला होता. "पण एक सांग. त्यायनं तुले पेवाचं इचारलं का?"

"नाही."

"इचारलं नाई तं तू सांगू नको. त्यायले वाटते माह्या जिवाले बरं म्हणून मले तिथं झोपवलं. बरंच होतं ना. तीस हिवाळे म्या उबेत झोपली. गावात कोणत्या बाईले असं कोणी झोपवलं?" खोकला आला. बराच वेळ चालला. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या घरी सांगतलं का तू?"

"नाही अजून. सगळं मोजून झालं की सर सांगणार आहेत."

"कोणाच्या घरी काही होईन, मंग सांगान का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. साधं विचारलं होतं. त्या संध्याकाळी पांढरकवड्याला जाऊन मी सरांना फोन केला आणि म्हणाले, मी उद्यापासून ज्या घरात आकडा जास्त आहे त्यांना सांगणार आहे, तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा. सरांनी घरं किती ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "मी येतो." ते खरोखरच आले, पुढच्या आठवड्यात, एस.टी.नं आणि पुढं जीपनं, घामाघूम होऊन. काकूंच्या खाटेजवळ बसले. त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "आमचं चुकलं, बाई." काकूंनी त्यांना विचारलं, "जेवले का?"

काकू मृग लागायच्या आधी गेल्या. सकाळची वेळ होती, खिडकी उघडी होती, एवढं मला नंतर कळलं. मी जलदानविधीला गेले. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, वंदना, मग जेवण. काका सगळ्यांना वाढत होते. मला वाढताना ते म्हणाले, "बाई, तुमच्या वहीत या गावातले कोणते कोणते घरं हायेत?"

"कशाला काका?"

"खिडक्या माह्या हातच्याच हायेत ना सगळ्या. म्याच उघडतो."

आणि ते निघालेच. अंगात बळ नसताना, छिन्नी-हातोडा पिशवीत घालून, दारोदार. मी काही दिवस त्यांच्यासोबत फिरले. ते मजुरी घेत नव्हते, तरी लोक सहजी तयार होत नव्हते. कोणी म्हणायचं, "आता उघडान अन् दिवाळीले कापूस आला का मंग?" कोणी म्हणायचं, बायको गेली म्हणून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एका घरी तर त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्या घरच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती आणि घरात विषारी हवा आहे असं नाव झालं तर जुळलेलं मोडेल, अशी त्यांना भीती. आम्ही अंगणातूनच परतलो. मी चिडले होते. काका म्हणाले, "त्यायचंही खरं हाये. म्यानं तरी कुठी ऐकलं होतं तुमचं?"

पाऊस जोर धरेपर्यंत गावातल्या पाच खिडक्या उघडल्या. पाच. मी मोजणीचं काम करत होते, म्हणून आकडा लक्षात आहे.

पावसाळ्याची फेरी झाली, पुन्हा हिवाळा आला. दिवाळीनंतर नवा कापूस आला आणि पाचांतल्या दोन खिडक्या पुन्हा बुजल्या. पण त्या काकांनी बुजवल्या नाहीत. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या गवंड्याकडून लोकांनी बुजवून घेतल्या. काकांनी सांगून टाकलं होतं, जाळी बसवून देतो, वीट लावणार नाही. त्यामुळं त्यांच्याकडे येणारं काम कमी झालं. ते वावरात जायचे, एकट्यापुरता सयपाक करायचे. वावरात त्या वर्षी त्यांनी थोडी ज्वारी पेरली होती. कणसं पाखरांनी खाल्ली, कारण चहूकडे पऱ्हाटीच आणि मधे एवढाच ज्वारीचा तुकडा.

प्रकल्प संपायच्या आधी मी त्यांच्या माजघरात शेवटचं मोजलं. दहा दिवसांनी काचेवर दोन आकडी संख्या होती. मी डबा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. "चांगलं झालं," ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं.

अहवाल निघाला. त्यात ते गाव एका क्रमांकानं आहे आणि ते घर आणखी एका क्रमांकानं. सरांनी शेवटच्या पानावर हवा खेळती ठेवण्याच्या सूचना मराठीत छापून घेतल्या, त्याच्या प्रती मी स्वतः वाटल्या. काही घरांत त्या कागदावर मी नंतर पापड वाळत घातलेले पाहिले. मला पुढं दारव्ह्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली.

दोन वर्षांनी एका सुट्टीत मी मुद्दाम काकांकडे गेले. आधी कळवलं नव्हतं. ते वाकले होते, पण ओळखलं लगेच. सपरीत चटई टाकली, चहा केला. मुलीची, नातवाची हकीकत सांगितली.

"बाई," ते म्हणाले, "तुमाले एक इचारायचं होतं. तवा इचारलं नाई."

मला कळलं, काय ते.

"पेवाचं," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडून जे घेतलं होतं ते वचन होतं की नाही, मला अजून नक्की ठरवता येत नाही. विचारलं नाही तर सांगू नको, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आता काकांनी विचारलं होतं. मी सांगितलं. माजघरात जो आकडा दिसला तो बहुतेक पेवामुळंच होता, पेव भरल्यावर तो उतरला त्यावरून ते दिसतंच. पण काकूंना आजार त्याच्यामुळंच झाला का, हे कोणीही सांगू शकत नाही. चुलीचा धूरही होता. नशीबही असतं. झालं असू शकतं. नसूही शकतं. मला याहून जास्त माहीत नाही.

ते ऐकत होते. मधे एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले मालूम होतं," ते शेवटी म्हणाले. "मुरूम टाकून राह्यलो होतो ना पेवात, तवाच समजलं. आपल्या हातानं खणलेलं, आपल्याच हातानं भरून राह्यलो, तं समजतेच माणसाले." त्यांनी कपबशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "बुढीनं सांगू नको म्हणून सांगतलं असन तुमाले."

मी होय म्हणून मान हलवली.

"मलेही तिनं तेच सांगतलं होतं. म्हणे, त्या पोरीले इचारू नको. तिच्या जिवाले लागन."

मग ते उठले. संध्याकाळची जीप लवकर जाते म्हणाले आणि माझी पिशवी स्वतः घेऊन फाट्यापर्यंत चालत आले. वाटेत त्यांनी मला शाळेचं विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं, आईची तब्येत विचारली. जीप भरलेलीच आली. ड्रायव्हरनं कशीतरी कडेची जागा करून दिली. काकांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, दार नीट लागलं की नाही ते हातानं ओढून पाहिलं, आणि जीप सुटल्यावर धुळीसाठी तोंडावर गमछा धरून ते गावाच्या दिशेनं वळले.